वाळलेल्या गवताचा हिशेब



ब्राझीलच्या मध्यभागी सेराडो नावाचा सुमारे 20 लाख चौरस किलोमीटरचा माळ पसरलेला आहे. माती लाल, आम्लयुक्त, स्फुरदाच्या बाबतीत कंगाल. जगातल्या सर्वांत मोठ्या गोमांस-व्यवसायाचा बराचसा भार या माळावर आहे. त्या देशात 20 कोटींहून अधिक गुरे आहेत आणि त्यांतली बहुसंख्य मांसासाठी पाळलेली जनावरे आयुष्याचा बहुतेक काळ गोठ्यात न राहता कुरणातच चरतात. त्यांत नेलोर जातीचे प्राबल्य आहे. पांढरी, उंच वशिंडाची ही गुरे आंध्राच्या किनारपट्टीवरच्या ओंगोल जनावरांची वंशज असून नेल्लोरचे नाव घेऊन ती अटलांटिकपार गेली. ज्या गवतावर ती वाढतात ते ब्रॅकिॲरिया मूळचे आफ्रिकेतले. त्याचा मरांडू हा वाण ब्राझीलच्या एम्ब्रापा या सरकारी संशोधन संस्थेने 1984 साली प्रसृत केला आणि पुढे कोट्यवधी एकरांवर तो पसरला. भारतातले जनावर, आफ्रिकेतले गवत आणि दक्षिण अमेरिकेतली माती यांच्या या जुळणीतून पशुआहाराच्या शास्त्राला एक कोडे मिळाले. आजचे व्याख्यान त्या कोड्याबद्दल आहे. गुरे मांसासाठी पाळावीत की नाही हा आपल्याकडचा स्वतंत्र आणि तापलेला वाद आहे. त्यात आज शिरत नाही.

कोडे असे. सेराडोत साधारण ऑक्टोबर ते एप्रिल पाऊस पडतो. मे ते सप्टेंबर कोरडा जातो. या कोरड्या महिन्यांत गुरे गुडघाभर उंच वाळलेल्या गवतात उभी असतात, दिवसभर चरतात, पोटे भरलेली दिसतात आणि तरीही त्यांची वजने उतरत जातात. पावसाळ्यात कमावलेले वजन कोरड्या हंगामात गमवायचे, पुढच्या पावसात पुन्हा कमवायचे, असे करत बैल विक्रीच्या वजनाला पोहोचायला चार-चार वर्षे लागत. सहज सुचणारा उपाय म्हणजे खुराक वाढवणे: मका घाला, पेंड घाला, गवतात जे कमी आहे ते बाहेरून भरा. माझे म्हणणे असे की हा विचार सुरुवातीलाच चुकीच्या पोटाकडे पाहतो. कुरणावरच्या गुरांना दिलेले पूरक खाद्य जनावराआधी त्याच्या पहिल्या पोटातल्या, म्हणजे कोठीपोटातल्या, सूक्ष्मजीवांच्या वाट्याला जाते. म्हणून त्या खाद्याची किंमत त्याच्या स्वतःच्या पौष्टिकतेवरून ठरवता येत नाही. त्याच्यामुळे जनावर किती गवत जास्त खाते आणि खाल्लेल्यातले किती जास्त पचवते, यावरून ती ठरवावी लागते.

आधी गवत असे का, ते पाहू. ब्रॅकिॲरिया, ज्वारी, मका, ऊस या वनस्पती प्रकाशसंश्लेषणाच्या ज्या पद्धतीने वाढतात तिला सी-4 म्हणतात. हवेतला कर्बवायू पानाच्या आतल्या पेशींत साठवून, दाट करून वापरण्याची ही युक्ती उष्ण आणि कोरड्या हवेत फार किफायतशीर ठरते. तिच्यामुळे कर्ब पकडणारे मुख्य विकर पानात थोडे असले तरी भागते. ते विकर म्हणजे प्रथिनच. त्यामुळे थंड प्रदेशातल्या गवताच्या तुलनेत निम्म्यापाशी नत्रातही हे गवत जोमाने वाढते. वनस्पतीच्या दृष्टीने हे काटकसरीचे यश. ते खाणाऱ्या जनावराच्या दृष्टीने मात्र पानातच प्रथिने कमी. त्यात पाऊस संपला की झाड फुलोऱ्यावर येते, पानापेक्षा काडी वाढते, पेशींच्या भिंतींत लिग्निन बसते आणि उरलेले नत्र बी आणि मुळांकडे जाते. ऑगस्टमधल्या अशा गवतात क्रूड प्रथिने जेमतेम 3 ते 5 टक्के उरतात. ऊर्जा मात्र नाहीशी झालेली नसते. ती सेल्युलोजच्या रूपात तिथेच, काडीत बंद असते. सगळा प्रश्न ते कुलूप कोण उघडणार याचा आहे.

गाईला सेल्युलोज पचवणारे विकर स्वतः तयार करता येत नाही. ते काम कोठीपोटातल्या जीवाणूंचे. प्राणवायू नसलेल्या, 39 अंशांच्या आसपास तापलेल्या त्या रसाच्या एका मिलिलिटरमध्ये हजार कोटींहून अधिक जीवाणू असतात. ते तंतू फोडून सेंद्रिय आम्ले बाहेर टाकतात, आणि त्या आम्लांवर गाईची बहुतेक ऊर्जेची गरज भागते. पुढे ते जीवाणू स्वतःच चौथ्या पोटात वाहून जातात आणि पचतात. म्हणजे गाय जीवाणूंनी टाकलेल्या आम्लांवर आणि त्यांच्या देहांवर जगते. या जीवाणूंना, विशेषतः तंतू फोडणाऱ्यांना, नत्र अमोनियाच्या रूपात चालते. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी व्हिर्तानेन यांनी, ज्यांना 1945 साली नोबेल मिळाले होते, 1960च्या दशकात गाईंना शुद्ध सेल्युलोज, स्टार्च, साखर आणि नत्रासाठी केवळ युरिया व अमोनियम क्षार देऊन त्यांच्याकडून दूध मिळवून दाखवले. खाद्यात प्रथिनांचा जवळजवळ लवलेश नव्हता. दुधातले प्रथिन जीवाणूंनी घडवले. हा प्रयोग व्यवहारासाठी नव्हताच. पण रवंथ करणाऱ्या जनावराला प्रथिने हवीत या विधानाचा नेमका अर्थ त्याने बदलून टाकला.

आता उलट बाजूने पाहा. अमोनिया कमी पडला की जीवाणू वाढत नाहीत, तंतू सावकाश फुटतात, आणि न फुटलेली काडी कोठीपोटातून पुढे सरकत नाही. पोट भरलेलेच राहते. भरल्या पोटी जनावर कमी खाते. सेराडोतल्या बैलाची उपासमार ही अशी भरल्या पोटाची आहे. ऑस्ट्रेलियात 1960च्या दशकात मिल्फर्ड आणि मिन्सन यांनी उष्णकटिबंधीय गवतांवर काम करून दाखवले की क्रूड प्रथिने 7 टक्क्यांच्या खाली गेली की जनावराचे गवत खाणे झपाट्याने घटते. ब्राझीलमधल्या विसोझा विद्यापीठात डेटमन आणि सहकाऱ्यांनी हा आकडा आणखी उलगडला: तंतूंचे पचन नत्राअभावी अडू नये म्हणून एकूण आहारात 8 टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात, आणि जनावराने जास्तीत जास्त गवत खावे असे वाटत असेल तर 10 टक्क्यांच्या आसपास. या दोन आकड्यांतले अंतर मला महत्त्वाचे वाटते. पोटातल्या पचनाची गरज आधी भागते. त्यापुढचे नत्र गाईच्या स्वतःच्या ऊतींना लागते आणि भूक त्यावरही अवलंबून असते.

हिशेब करून पाहू. 400 किलोचा बैल रोज वजनाच्या 2 टक्के, म्हणजे 8 किलो कोरडा चारा खातो असे धरा. गवतात 4 टक्के प्रथिने असतील तर त्याला 320 ग्रॅम मिळतात. 7 टक्क्यांची पातळी गाठायला 560 ग्रॅम हवीत. तूट 240 ग्रॅमची. युरियात 46 टक्के नत्र असते, आणि नत्राला 6.25ने गुणून प्रथिने काढण्याच्या रूढ पद्धतीने 100 ग्रॅम युरिया म्हणजे 287 ग्रॅम क्रूड प्रथिने. तेव्हा कागदावर ही तूट भरायला 80-85 ग्रॅम युरिया पुरतो. मूठभर पांढऱ्या दाण्यांनी 8 किलो काडी पचनीय होण्याचा मार्ग मोकळा होतो. कागदावर म्हणण्याचे कारण असे की तंतू फोडणाऱ्या जीवाणूंना अमोनियाखेरीज काही शाखायुक्त आम्लेही लागतात, आणि ती खऱ्या प्रथिनांच्या विघटनातूनच मिळतात. गंधकयुक्त अमिनो आम्लांसाठी गंधकही हवे. म्हणून ब्राझीलमध्ये युरियाचे 9 भाग आणि अमोनियम सल्फेटचा 1 भाग असे मिश्रण करतात. त्यात सोयाबीन किंवा सरकीची पेंड, थोडा मका, खनिजे आणि भरपूर मीठ घालतात. मीठ इथे चवीसाठी कमी आणि लगामासाठी जास्त: जनावर ठरावीक प्रमाणाच्या पुढे खारट खात नाही, त्यामुळे राखणदार न ठेवता कुरणातल्या गव्हाणीवरच मात्रा आवरली जाते. वजनाच्या किलोमागे रोज 1 ग्रॅम, म्हणजे आपल्या बैलाला 400 ग्रॅम, एवढे हे मिश्रण मिळाले आणि कुरणात गवत असले, तर कोरड्या हंगामात उतरणारे वजन थांबते, बऱ्याचदा थोडे वाढतेही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो बाजारातून येतो. 400 ग्रॅमने थोडे वाढत असेल तर 4 किलो मका घालून भरपूर का वाढवू नये? कारण मक्याने गवताची पचनक्रिया सुधारत नाही, बहुधा बिघडते. स्टार्चवर जगणारे जीवाणू वेगाने वाढतात, आधीच तुटपुंजा अमोनिया तेच पळवतात, आणि त्यांच्या आम्लांनी कोठीपोटाचा सामू 6च्या आसपास उतरला की तंतू फोडणारे मंदावतात. जनावराची ऊर्जेची गरज दाण्यावर भागते ते वेगळेच. परिणाम असा की दिलेल्या प्रत्येक किलो दाण्यामागे जनावर काही गवत सोडून देते. नत्राची लहान पुरवणी गवतात भर घालते. दाण्याची मोठी पुरवणी गवताची जागा घेते. पैसे दोन्हीकडे जातात, पण पहिल्यात शेतकरी माळावर फुकट उभी असलेली ऊर्जा विकत घेतो आणि दुसऱ्यात ती सोडून देतो. याला एक प्रामाणिक अपवाद आहे. बैलाच्या शेवटच्या टप्प्यात, चरबी चढवून लवकर बाजारात न्यायचे असेल आणि मका स्वस्त असेल, तर गवताची जागा घेणारा खुराक हाच हेतू असू शकतो. ब्राझीलमध्ये अलीकडे कुरणातच रोज वजनाच्या 1 ते 2 टक्के दाणा देऊन असे केले जाते. त्याला माझा विरोध नाही, पण ते कुरणावरचे पशुपालन राहत नाही. उघड्यावरचा गोठा होतो, आणि त्याचा हिशेब मक्याच्या भावाने चालतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: युरिया विष आहे. हे खरे आहे, आणि त्याची सारवासारव करू नये. कोठीपोटातले जीवाणू युरिया काही मिनिटांत फोडतात. अमोनिया एकदम वाढला की तो रक्तात उतरतो, यकृताला आवरत नाही, आणि जनावर थरथरत, फेस गाळत काही तासांत दगावते. हे बहुधा तीन परिस्थितींत होते. उपाशी किंवा दूरवरून हाकत आणलेल्या जनावरासमोर गव्हाण ठेवली जाते. सवय लावण्याचे पहिले दोन आठवडे टाळले जातात. किंवा उघड्या गव्हाणीत पावसाचे पाणी साचून त्यात युरिया विरघळतो आणि जनावर ते पाणी पिते. म्हणून गव्हाणीवर छप्पर आणि तळाला भोके असायलाच हवीत. व्हिनेगर आणि थंड पाणी पाजणे हा ओळखीचा प्रथमोपचार. आम्लाने अमोनियाचे रक्तात शोषण मंदावते. पण या आक्षेपातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. अमोनियाचे जीवाणूंच्या देहात रूपांतर व्हायला ऊर्जा लागते आणि ती गवतातून येते. उघड्या-बोडक्या कुरणात युरिया ठेवला तर तो निरुपयोगी ठरतो, वर धोकादायकही. म्हणजे सुरक्षिततेची अट आणि उपयुक्ततेची अट एकच आहे: आधी गवत हवे. ब्राझीलमधले जाणते पशुपालक म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच कुरणाचा काही भाग बंद करतात. पावसाच्या शेवटाला वाढलेले ते गवत जुलै-ऑगस्टसाठी उभे राखले जाते.

नत्राची कहाणी कोरड्या हंगामाची. पावसाळ्यात टंचाई बदलते, आणि ही गोष्ट विक्रेत्यांच्या जाहिरातीत क्वचितच दिसते. हिरव्या गवतात नत्र पुरेसे असते, वाढ वेगाने होते, आणि तेव्हा जमिनीतल्या स्फुरदाची उणीव उघडी पडते. दक्षिण आफ्रिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लामसीक्टे नावाच्या लुळेपणाच्या रोगाने गुरे मरत होती. ऑन्डरस्टेपूर्टच्या संशोधन संस्थेचे आर्नल्ड थायलर यांनी व्रायबर्गजवळच्या फार्मवर त्याचा माग काढला. स्फुरदाच्या भुकेने गुरे माळावरच्या मेलेल्या जनावरांची हाडे चघळत. त्या सडक्या हाडांत बोटुलिझमचे विष असे आणि त्याने स्नायू लुळे पडत. विषाचा जंतू मारण्याची गरज पडली नाही. हाडांचा चुरा खायला घातल्यावर गुरे हाडांकडे वळेनाशी झाली, रोग हटला, आणि वाढही सुधारली. रोग जंतूचा होता, मूळ उणीव मातीत होती. पण हेच स्फुरद कोरड्या महिन्यांत एकटे दिले तर फारसे काही होत नाही, कारण तेव्हा वाढच नत्रापाशी अडलेली असते. वर्षभर एकच खनिज मिश्रण विकणाऱ्याला हे सोयीचे नसते.

पचन जीवाणूंच्या हाती असते याचा सर्वांत नाट्यमय पुरावा मात्र सुबाभळीने दिला. सुबाभूळ, जिचा प्रसार आपल्याकडे उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेने केला, प्रथिनांनी समृद्ध; म्हणजे कुरणातच उगवणारे पूरक खाद्य. पण तिच्यात मिमोसिन असते. त्यापासून पोटात बनणारा डीएचपी हा पदार्थ गलग्रंथीचे काम बिघडवतो. ऑस्ट्रेलियात सुबाभळीवर चरणारी गुरे खंगत, केस गळत. हवाईत मात्र शेळ्या तीच पाने खाऊन ठणठणीत होत्या. संशोधक रेमंड जोन्स यांनी हवाईतल्या जनावरांच्या कोठीपोटातला रस ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात घातला आणि ती गुरे सुबाभूळ पचवू लागली. डीएचपी फोडणाऱ्या जीवाणूला 1992 साली त्यांच्याच नावावरून सिनर्जिस्टेस जोनेसिआय असे नाव मिळाले. गाय तीच, पाला तोच. पोटातला एक रहिवासी बदलला आणि विषाचे खाद्य झाले.

आता तो आक्षेप, ज्याचे समाधानकारक उत्तर माझ्या मते अजून कोणाकडे नाही. पूरक खाद्य जनावराला वाचवते, पण जमिनीला वाचवते का? ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात 1933 नंतर ब्राह्मन जातीच्या रक्ताची काटक गुरे आली, पुढे युरिया-मळीची चाटणे आली. पूर्वी दुष्काळात गुरे मरत किंवा विकावी लागत आणि माळाला आपोआप विश्रांती मिळे. आता गुरे जगू लागली, आणि शेवटच्या काडीपर्यंत चरू लागली. 1970 आणि 80च्या दशकांत क्वीन्सलंडच्या काही भागांत बहुवर्षायू गवते नाहीशी होऊन माती उघडी पडली, त्यात या नव्या तगण्याचा वाटा मोठा होता. हे माझ्या युक्तिवादाच्या विरोधात जात नाही. तो त्याचाच दुसरा अर्धा भाग आहे. पुरवणीने जनावर जास्त गवत खाते असे मी म्हणालो. तर मग गुरांची संख्या तीच ठेवून माळावरचा भार वाढतो हे त्याच वाक्यात आले. पुरवणी द्यायची तर गुरांची संख्या किंवा चरण्याचे दिवस कमी करणे हा तिचाच खर्च मानला पाहिजे. मिथेनबाबतही तसेच. गवतावरच्या जनावराने घेतलेल्या ऊर्जेतली 6-7 टक्के मिथेन म्हणून निघून जाते. चार वर्षांचा बैल तीन वर्षांत विकला गेला तर किलो मांसामागचे मिथेन निश्चित घटते. देशाचे एकूण मिथेन मात्र वाचलेल्या कुरणाचे पुढे काय होते यावर ठरते: तिथे झाडे वाढली की आणखी गुरे आली. हा निर्णय गव्हाणीवर होत नाही, आणि पशुआहारतज्ज्ञाने तो आपल्या खात्यात जमा धरू नये.

महाराष्ट्राशी याचा संबंध कितपत? रसायन तेच आहे. भाताचा पेंढा आणि गव्हाचा भुसा सेराडोतल्या ऑगस्टच्या गवताइतकाच नत्रहीन. ज्वारीचा कडबा जरा बरा. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने 1980च्या दशकात युरिया, मळी आणि खनिजांच्या चाटण-विटा आणल्या त्या याच तर्कावर. अर्थकारण मात्र उलटे आहे. ब्राझीलच्या माळावर काडी फुकट उभी असते, म्हणून ती जास्त खाल्ली जाणे हा नफा. ज्याच्या अंगणात कडब्याची एकच गंजी आहे आणि मेपर्यंत ती पुरवायची आहे, त्याच्या दावणीला बांधलेल्या बैलाने जास्त कडबा खाणे हा खर्च. तो शेतकरी विटेला फारसा बधला नाही तर त्याला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. जिथे चारा भरपूर पण निकृष्ट असतो, तिथेच हे शास्त्र खरे लागू पडते. आपल्याकडे अशी एक जागा आहे: दुष्काळातली चारा छावणी, जिथे ऊस आणि वाढे घातले जातात. साखर मुबलक, नत्र नगण्य. ब्राझीलमध्ये उसाच्या 100 किलो ताज्या कुट्टीला युरिया आणि अमोनियम सल्फेटचे 1 किलो मिश्रण, पहिला आठवडाभर त्याच्या निम्मे, पाण्यात विरघळवून सारखे शिंपडून देण्याची रीत रुळलेली आहे. छावणीत ते करता येईल. पण त्यासाठी तोलून-मापून शिंपडणारा जबाबदार माणूस रोज हवा, जनावराला ऊस ठरावीक आणि सलग मिळायला हवा, आणि पहिल्या आठवड्याची सवय कुणी मोडता कामा नये. छावणीच्या दारात येणारे जनावर बहुधा उपाशी असते, आणि युरिया ज्याला मुळीच द्यायचा नाही ते जनावर नेमके हेच.